घसरलेला ठिपका

आमचे हे इमारतींचे नकाशे काढतात. त्या कामात त्यांचा हात धरणारा ऑफिसात कुणी नव्हता. पक्षाघाताने उजवा हात गेला, आणि डाव्याने रेघ ओढली की ती नाचायची. साहेब म्हणाले होते, जमेल तेव्हा या. ह्यांनी मात्र ठरवून टाकलं, सोमवारी फोन करून नोकरी सोडायची. मला असा राग आला! डाव्या हाताला धड संधी तरी दिली का?

ह्यांच्या धाकट्या भावाने, म्हणजे आमच्या भावजींनी, आपली दुर्बीण आमच्या गच्चीवर आणून ठेवली. "दादा, मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातला एक लघुग्रह सध्या दिसतोय. अगदी ताऱ्यासारखाच. रोज तिथल्या ताऱ्यांचे ठिपके काढ. जो जागा बदलेल, तो."

"माझे सगळेच बदलतील," हे म्हणाले.

शुक्रवारी जेवणं आटोपल्यावर मी पुठ्ठा धरला आणि ह्यांनी दुर्बिणीतून बघत ठिपके काढले. शनिवारी पुन्हा. मग दोन्ही कागद दिव्यासमोर एकावर एक धरले. ठिपके बऱ्यापैकी जुळले, एक सोडून.

"घसरला हात." ह्यांनी पेन्सिल भिरकावली.

"अहो, तोच लघुग्रह असेल की!"

"तो सरकला की माझा हात, कुणी सांगावं?"

मी फटकळच. "उद्या बघू की," म्हणत पेन्सिल उचलून ठेवली.

रविवारी हे वर यायलाच तयार नव्हते. "आजच्या दिवस चला," मी म्हणाले. "उद्या खुशाल फोन करा, मी चकार शब्द काढणार नाही." त्यावर त्यांचा विश्वास बसला नाही, पण आले.

तिन्ही कागद दिव्यासमोर धरले. तोच ठिपका पुन्हा सरकला होता, त्याच बाजूला, जवळजवळ तेवढाच. बाकीचे जागच्या जागी.

"थरथरणारा हात कुठेही जाईल," मी म्हणाले. "रोज एकाच दिशेला कसा जाईल हो?"

ह्यांनी कागद पुन्हा जुळवून पाहिले. मग म्हणाले, "पट्टी आण."

तिन्ही ठिपके एका रेषेत होते. ह्यांनी रेघ थोडी पुढे नेली आणि तिथे बारीक फुली मारली. "उद्या इथे असेल."

सोमवारी सकाळी ह्यांनी फोन लावला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"साहेब, येतो म्हणतो. आता डावखुरा झालोय. चालेल ना?"

मला रडूच फुटलं.

फोन ठेवून हे म्हणाले, "चकार शब्द काढणार नव्हतीस ना?"

"शब्द कुठे काढला?" मी म्हणाले, आणि पदराने नाक पुसलं.