साखर बरी होती त्या दिवशी

मसुऱ्याची विनीता रोज उजाडलं की चालायला निघायची. मधुमेहाला नऊ वर्षं झाली होती. गेल्या सात महिन्यांत चालून चालून तिने साखर ताब्यात आणली होती आणि त्याचा तिला अभिमान होता.

डिसेंबरातल्या त्या सकाळी मात्र परतताना ती घाटीच्या चढावर दोनदा थांबली. घरी पोचली तेव्हा ब्लाउज घामाने पाठीला चिकटला होता, चेहरा पांढरा पडला होता. ती पायरीवरच बसली. नवरा गुरुप्रसाद काजूला फवारणी करत होता, तो पंप टाकून धावत आला. साखर उतरली असणार, म्हणून तो गूळ आणायला वळला. आधी साखर तपासायचं मशीन लावा, असं तिनेच सांगितलं.

मशीनवर आकडा आला, एकशे अडतीस.

गुरुप्रसादने सुटकेचा श्वास सोडला. विनीताही म्हणाली, "माका काय एक होऊक नाय. घडीभर पडान रवलंय काय बरा वाटात."

आवाज ऐकून शेजारची रसिका आली. ती गावची आशासेविका. तिने विनीताचा हात हातात घेतला, तो थंडगार होता. छातीत दुखतं का, हात जड झालाय का, असं तिने विचारलं. कुठेच दुखत नव्हतं. रसिकाला तेच खटकलं.

"काका, आकडो बरो आसा म्हणान गप रवा नकात," ती म्हणाली. "साखर उतरूक नाय, तरी एवढो घाम कित्याक? साखरेच्या दुखण्यात काळजाक लागला तरी कधी कधी दुखना नाय."

तिने फोन लावला, पण रुग्णवाहिकेला पाऊण तास लागणार होता. म्हणून शेजारच्या लवूने गाडी काढली. वळणावळणाच्या रस्त्यावर विनीताचं डोकं गुरुप्रसादच्या खांद्यावर घसरत होतं. रसिका पुढच्या सीटवरून मागे वळून तिला बोलतं ठेवत होती. कोणत्या गोळ्या चालू आहेत, असं तिने विचारलं.

"साखरेचीच घेतंय," विनीता म्हणाली. "प्रेशरची नि कोलेस्टेरॉलची सोडलंय. दोन म्हयने झाले."

गुरुप्रसादला राग आला. पण त्याने तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं. नाडी लागते की नाही, हेच त्याला कळत नव्हतं.

मालवणच्या रुग्णालयात ईसीजीची पट्टी बघून डॉक्टरांनी लगेच नर्सला हाक मारली. हार्ट अटॅक होता. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन देऊन त्यांनी तिला तातडीने गोव्याला हलवलं. तिथे संध्याकाळी बंद पडलेल्या रक्तवाहिनीत स्टेंट बसला. तोवर गुरुप्रसादने पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून समजावलं. चालल्यामुळे हृदयाला बळ मिळालं होतं, ते वाया गेलं नव्हतं. पण रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचं काम वेगळं असतं. साखर ताब्यात आली म्हणून त्या आपल्या मनाने सोडायच्या नसतात. विनीता मान खाली घालून ऐकत होती.

सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी सपाट रस्त्यावर सावकाश चालायला परवानगी दिली. गुरुप्रसादचं मन तयार नव्हतं. पण ती निघाली, तसा तोही चप्पल घालून दहा पावलं मागून चालू लागला. ती जराशी थांबली की तोही जागीच थांबायचा.

विनीता वळून उभी राहिली. "मागसून कित्याक येतास? वांगडा चला," ती म्हणाली आणि तो बरोबरीने चालायला शेजारी येईपर्यंत थांबली.