ड्रायव्हर टिकारामचे डोळे

टिकाराम एस.टी.चा ड्रायव्हर. हिंगणघाट-समुद्रपूर गाडी त्याच्याकडे होती. नजर अशी, की रस्त्यावर बसलेली टिटवी त्याला दुरून दिसायची. त्यामुळे १९७८ साली ड्रायव्हरांच्या नेहमीच्या डोळेतपासणीला वर्ध्याला गेला, तेव्हा त्याला कसलीच चिंता नव्हती.

तक्त्यावरची शेवटची ओळही त्यानं धडाधड वाचली. उठायला लागला तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बसा. चाळिशी उलटलेल्यांचा मी आतला पडदाही बघते."

डोळ्यांत थेंब टाकले. मग अंधाऱ्या खोलीत बारीक उजेड टाकून बाई बराच वेळ बघत राहिल्या. नंतर त्यांनी त्याच्या दंडाला ब्लडप्रेशर मोजायचा पट्टा बांधला.

"सकाळी डोकं दुखतं?"

"दुखते थोडंसं. चहा घेतला का उतरते."

"नजर उत्तम आहे तुमची. पण पडद्यावर रक्ताचे ठिपके आहेत. ब्लडप्रेशर फार वाढलंय, तेही बरेच दिवसांपासून. मी सांगेपर्यंत गाडी चालवायची नाही."

"मले काईच होत नाई, बाई! रोज गाडीभर मानसं घेऊन जातो मी."

"म्हणूनच सांगते. घरात कोणाला लकवा झाला होता?"

टिकारामला बाप आठवला. तो अल्लीपूरच्या शेतात बैलांचा डवरा हाकता हाकता कोसळला होता. एक अंग गेलं, तोंड वाकडं झालं. बाहेरची हवा लागली म्हणून लोकांनी उतारे टाकले. बाप बाजेवरून पुन्हा उठला नाही. बाईंनी गोळ्या लिहून दिल्या, मीठ बंद करायला सांगितलं.

परतताना तो एस.टी.त मागं बसला; थेंबांमुळे उन्हाकडे बघवेना. त्याच्याच डेपोतल्या कंडक्टर प्रेमदासनं हटकलं, "काऊन गा, मागं बसून राह्यला?" टिकारामनं मान खाली घातली.

त्याला डेपोत टायरांच्या कामावर बसवलं. ड्रायव्हर आंधळा झाला, अशी कुजबुज झाली. ती त्याला गोळ्यांपेक्षा कडू लागली. घरी बायकोनं, शकुबाईनं, भाजीतलं मीठ काढलं. त्यानं ताट सरकवलं तेव्हा ती म्हणाली, "मी बी अळणीच खाऊन राह्यली. जेवा आता." तो जेवला.

एका रविवारी तो अल्लीपूरला मोठ्या बहिणीकडे, रुख्माबाईकडे गेला.

"ताई, दवाखान्यात चाल."

"मले काय धाड भरली?"

"मलेई काई नोयतं झालं. बापालेई काई नोयतं झालं."

रुख्माबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती त्याच्याबरोबर निघाली. तिचंही ब्लडप्रेशर वाढलेलंच निघालं. दोघं मग एकाच दिवशी वर्ध्याला जाऊ लागले. दवाखान्याच्या बाकावर भांडत बसायचे, गोळ्या घेतल्या का ते एकमेकांना विचारायचे.

कापूस वेचणीला आला तेव्हा बाईंनी पुन्हा पडदा पाहिला. ठिपके विरले होते, ब्लडप्रेशरही उतरलं होतं.

"गाडी चालवा. पण गोळ्या आता जन्मभर," त्या म्हणाल्या.

"घेईन ना, बाई."

त्याच आठवड्यात त्याला गाडी मिळाली. पहिल्या दिवशी सीटवर बसून त्यानं स्टिअरिंग हातात घेतलं. प्रेमदासनं घंटी मारली, आणि टिकारामनं गाडी समुद्रपूरच्या रस्त्याला काढली.