पंखाची शिवण

“पोट वर, पाठ खाली! अरे, पाठ खाली म्हणतोय मी!”

नवरा ओरडला आणि तिघांनी मिळून तो लांबलचक पंख हवेतल्या हवेत उताणा केला. सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर तो नीट टेकला तेव्हा कुठे तिने श्वास सोडला. मग लगेच वाकून, कापडावर कुणाचं बोट तर रुतलं नाही ना, ते ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघून आली.

“दादा, विमान उलटं उडवणार आहेस की काय?” दिराने विचारलं. सकाळपासून त्याला थट्टेशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

“हवेत भार खालून येतो,” नवरा म्हणाला. “वारा पंखाला वर रेटतो. आपल्याला खालून रेटता येत नाही, म्हणून पंख उताणा करायचा आणि वर वाळूची पोती ठेवायची. वाळू म्हणजेच वारा, असं समज.”

“आणि वाळूने मोडला तर?”

“तर वाऱ्यानेही मोडला असता. तेच तर बघायचंय.”

मोडू दे, ती मनातल्या मनात म्हणाली. मोडू दे बाबा एकदाचा. इथे, जमिनीवर, सगळ्यांसमोर मोडू दे आणि संपू दे ही कटकट. पहाटे डोळा उघडल्यापासून तिचं हेच चाललं होतं. पुढच्या रविवारी हा माणूस स्वतःच्या हातांनी केलेल्या त्या लाकडाच्या आणि कापडाच्या सांगाड्यात बसून आभाळात जाणार होता. तो खाली कसा येईल, याचा विचार तिच्या मनात आला की ती हातातलं काम सोडून देवापुढे हात जोडायची.

नवरा लिफ्टा दुरुस्त करायचा. आयुष्यभर लोकांना वर-खाली नेऊन झालं, आता एकदा आपण वर जायचं, असं त्याच्या डोक्यात कधी शिरलं ते तिला आठवतही नव्हतं. सुरुवातीला स्वयंपाकघरातल्या टेबलावर विमानाचे नकाशे आले. मग घरभर लाकडाचा भुसा झाला. मग पंखाच्या फासळ्या एकेक करून तयार झाल्या आणि बाहेरच्या खोलीत सोफ्याच्या वर टांगल्या गेल्या. आलेला पाहुणा मान वाकवून चहा प्यायचा. गल्लीने नवऱ्याचं नाव ‘पायलट’ ठेवलं. आधी ते कुचेष्टेने होतं, पण पुढे पुढे त्यात थोडा मान मिसळला, आणि तिथेच घोटाळा झाला. कुचेष्टेतून माणूस सुटतो, मानातून सुटणं अवघड असतं.

ती सोफ्यांची आणि गाद्यांची कव्हरं शिवायची. सोफा मोडेल पण हिची शिवण उसवणार नाही, असं बाजारात बोललं जायचं, आणि ते ऐकून न ऐकल्यासारखं करायला तिला फार आवडायचं. पंखावर कापड चढवायची वेळ आली तेव्हा नवरा दोन दिवस नुसता तिच्या मागेपुढे घुटमळला. शेवटी म्हणाला, “हे तुझ्याशिवाय कोणाला जमणार?” झालं. बाई फसली. मेण लावलेल्या दोऱ्याने प्रत्येक फासळीला कापड तिने टाक्या-टाक्याने बांधलं. विमानाला विरोध करत करत तिने विमानाचं कापड शिवलं. तिला कुणी विचारलं असतं की बाई, तुझं नेमकं म्हणणं तरी काय, तर तिला काही सांगता आलं नसतं.

“हं, करा सुरू,” साहेब म्हणाले.

साहेब म्हणजे विमानं दुरुस्त करण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले तपासनीस. त्यांची सही झाल्याशिवाय उडायला मैदान मिळणार नव्हतं. बंद गोदामामागच्या त्या अंगणात ते टोपी घालून खुर्चीवर बसले होते. पंखाच्या टोकापाशी त्यांनी एक पट्टी उभी केली होती. पंख किती वाकतो ते तिच्यावर कळणार होतं.

तिने जुन्या रजया पंखावर पसरल्या. त्यावर पोती पडायला लागली. आधी मुळाशी, मग मध्ये, मग टोकाकडे. दिराने एक पोतं जरा वरूनच सोडलं, तशी ती कडाडली.

“भावजी! हळू! खाली कापड आहे, तुमच्या ऑफिसची फाईल नाही आपटायला!”

बोलून झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. पंख मोडावा म्हणून आस लावून बसलेली बाई, आणि पोतं आपटलं म्हणून भांडतेय! आता हसावं की रडावं?

पंख वाकला. टोक पट्टीवरून खाली सरकत गेलं आणि थांबलं. साहेब उठले, खाली वाकून बघितलं, फासळ्यांवर टिचक्या मारल्या. कापड ढोलासारखं ताणलेलं होतं. एकही टाका हलला नव्हता.

“झालं,” साहेब म्हणाले. “लागतो तेवढा भार पेलला. उत्तम काम आहे. आणि कापड कुणी चढवलं? फारच सुरेख.”

दिराने टाळ्या वाजवल्या. तिचा ऊर भरून आला, खोटं कशाला बोला. क्षणभर तिला वाटलं, सगळ्या गल्लीला बोलावून हा पंख दाखवावा. आणि दुसऱ्याच क्षणी तिला आठवलं, म्हणजे रविवार पक्का. 

“अजून दोन ठेव,” नवरा दिराला म्हणाला.

“अरे, साहेब म्हणतायत ना झालं म्हणून.”

“ठेव तू.”

दिराने दोन ठेवली. पंखाने ती घेतली. नवरा म्हणाला, अजून दोन. तीही घेतली. पोती संपली. तेव्हा नवरा गोदामात गेला आणि हत्यारांची पेटी घेऊन आला. मग गाडीची बॅटरी. मग लोखंडी शेगडा होता गंजलेला, तो एकट्याने फरफटत आणला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

“मिरवायचंय त्याला,” दीर तिच्या कानाशी कुजबुजला. “साहेबांसमोर.”

तिलाही तसंच वाटलं. पुरुषांचं असतंच ते. पण मिरवणाऱ्या माणसाची मान वर असते, आणि नवरा तर कुणाकडे बघतच नव्हता. तो फक्त पंखाच्या मुळाकडे बघत होता. तिला काही उमगेना. जे टिकावं म्हणून त्याने इतकी वर्षं रक्त आटवलं, ते टिकलं तर हा पेढे वाटायचे सोडून शेगडे कसले रचतोय?

तेवढ्यात कट्ट असा आवाज झाला.

सगळे जागच्या जागी थिजले. तिने आधी पंखाकडे नाही, नवऱ्याकडे बघितलं. आणि तिने त्याचा चेहरा पाहिला.

तो चेहरा तिने एकदा पाहिलेला होता. लग्नानंतर काही वर्षांनी त्याला बढती मिळून दूरच्या गावी जायचं ठरलं होतं. सगळ्यांना सांगून झालं, सामानाची बांधाबांध झाली आणि ऐनवेळी ती जागाच रद्द झाली. लोकांसमोर त्याने वरिष्ठांच्या नावाने खूप आदळआपट केली होती. पण स्वयंपाकघरात आला तेव्हा शाळेला अचानक सुट्टी पडल्याचं कळलेल्या पोरासारखा त्याचा चेहरा फुलला होता. त्या रात्री तो पोटभर जेवला होता आणि शीळ घालत झोपायला गेला होता.

“घोडीची फळी तडकली,” साहेब वाकून म्हणाले. “पंखाला काही नाही. ओरखडासुद्धा नाही!”

नवऱ्याचा चेहरा मिटला.

“बरं,” तो म्हणाला. “बरं झालं.” आणि तो पुन्हा गोदामाकडे वळला, अजून काही जड मिळतंय का बघायला.

अगं बाई! म्हणजे यालाही मोडायलाच हवाय! तिच्या डोक्यात एकदम लख्ख झालं, आणि लगेच पुन्हा सगळं गढूळ झालं. सकाळपासून आपण देवाकडे मागतोय तेच हाही मागतोय, आणि दोघांच्या मागण्याच्या आड आलीय ती माझीच शिवण! तिला त्याचा राग आला. सांगता येत नाही का तोंडाने? पण कुणाला सांगणार? गल्लीला? साहेबांना? रविवारी पोरंबाळं घेऊन मैदानावर येणाऱ्या लोकांना? धरलं तर चावतंय आणि सोडलं तर पळतंय, असं झालं होतं त्याचं. तिला त्याची दयाही आली. आणि या सगळ्यात, इतका देखणा पंख जमिनीवरच राहिला तर, म्हणून वाईटही वाटलं. माणसाने एका वेळी वाटून तरी काय काय घ्यायचं?

नवरा दोन्ही हातांनी एक लोखंडी चाक छातीशी धरून बाहेर आला. 

“थांबा,” ती म्हणाली. “शिवण उसवलीय.”

दीर मान लांब करून बघायला लागला.

“कुठे?” साहेबांनी विचारलं.

“ही काय. टोकाकडच्या फासळीपाशी.” तिने रजई बाजूला सारून तिथे तळहात ठेवला होता.

साहेब आले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, वाकले. “मला तर काही दिसत नाही.”

“तुम्हाला नाही दिसायची. माझ्या हातची शिवण आहे, मला कळते.”

“वहिनी, तुमची शिवण उसवली?” दीर हसायलाच लागला. “बाजारात सांगू नका हं. सोफे परत येतील सगळे!”

नवऱ्याने चाक खाली ठेवलं आणि तो जवळ आला. तिने तळहात उचलला. त्याने त्या जागेवरून बोट फिरवलं, सावकाश, एका टाक्यापासून दुसऱ्या टाक्यापर्यंत. लिफ्टच्या जाडजूड दोरातली एक तुटकी तार याच बोटाला अंधारात सापडायची. ते बोट एकेका अखंड, घट्ट गाठीवरून पुढे गेलं आणि शेवटच्या गाठीपाशी थांबलं. मग त्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदाच.

“हं,” तो म्हणाला. “उसवलीय.”

साहेबांनी खुर्चीवरची आपली पिशवी उचलली. “मग आज सही नाही. हा पंख पूर्ण सोलायचा, कापड नव्याने चढवायचं, मग बोलवा मला. रविवारचं मैदान मी रद्द करायला सांगतो.” फाटकापाशी पोहोचल्यावर ते तिच्याकडे वळले. “बाई, शिवणकाम जरा जबाबदारीने करावं. माणसाच्या जिवाशी गाठ असते.”

तिचे कान तापले. ओठांवर आलेलं उत्तर तिने गिळलं. नवऱ्याने एक शब्द बोलायला हवा होता, निदान एक. तो पाठमोरा होऊन पोती उतरवत होता. इतक्या वर्षांचं नाव एका वाक्यात मातीत गेलं आणि हा आपला पोती मोजतोय! तिला रडूच आलं असतं, पण दीर समोर होता.

दीर गेला. गल्लीत ही बातमी तो चहाच्या आधी पोहोचवणार, यात शंका नव्हती. ऊन भिंतीपलीकडे उतरलं. तिने आपल्या डब्यातून टाके कापायची कात्री काढली आणि टोकाकडच्या फासळीपाशी बसली. पहिला टाका लवकर तुटेना. मेणाचा दोरा होता, वर दुहेरी गाठ मारलेली. तिने जोर केला तेव्हा तो तटकन तुटला.

“कशाला?” नवरा मागे येऊन उभा होता. “सगळे गेले.”

“उद्या साहेब परत बघायला आले म्हणजे?”

तो पंखाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन जमिनीवर मांडी घालून बसला आणि तिच्यासमोरचं कापड त्याने दोन्ही हातांनी धरलं. 

“अगं, मी...”

“माहितीय.”

तिने दुसरा टाका कापला. तिसरा कापला. इतके सारखे टाके तिने आयुष्यात दुसऱ्या कशावर घातले नव्हते, ते आता तिचे तिलाच दिसत होते.

“पुन्हा शिवशील?” त्याने फार हळू विचारलं.

“शिवेन की.”

“केव्हा?”

“तुम्ही सांगाल तेव्हा,” ती म्हणाली. “आता नीट ताणून धरा. सैल सोडलंत तर कापड फाटेल.”