रामाचं सोडून बाकीचं

कीर्तनातला राम भर दुपारी बाराला जन्मतो, आणि तो जन्मला हे लोकांना कळतं झांजेवरून. अधारताल वस्तीतल्या लहानशा देवळात ही झांज वर्षानुवर्षं दिवाकररावांच्या हातात होती. बुवा आख्यान सांगत सांगत कौसल्येच्या महालापर्यंत यायचे, जरा थांबायचे, "जन्मला" म्हणायचे, की झांज खणकन वाजायची, गुलाल उडायचा आणि बायका पाळण्याची दोरी धरायला उठायच्या. इतकं साधं काम. पण ते दुसऱ्या कुणी करावं असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

खमरियातल्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर दिवाकररावांचे कान गेले. डॉक्टर म्हणाले, वय आहे. दिवाकरराव बुवांच्या तोंडाकडे बघून झांज वाजवू लागले, आणि एक-दोन वर्षं ते निभावलंही. मग गेल्या नवमीला अच्युतबुवांना जांभई आली. उपास होता, ऊन होतं, माणूस आहे. दिवाकररावांना तोंड उघडलेलं दिसलं आणि त्यांनी झांज वाजवली.

गुलाल उडाला. आख्यानात दशरथ तेव्हा यज्ञाची लाकडं जमवत होता. बुवा जुने, मुरलेले. त्यांनी आलेल्या बाळाला पाळण्यात ठेवलं, पाळणा म्हटला आणि मग उरलेला यज्ञ सांगून टाकला. लोक सुंठवडा घेऊन घरी गेले. कुणी एका शब्दानं बोललं नाही, आणि तेच दिवाकररावांना लागलं. त्यांनी झांज फडक्यात गुंडाळून कपाटावर टाकली. देवळात जाणं बंद.

त्यांच्या बायकोनं, कुंदानं, वर्षभर समजावलं. दिवाकररावांना फक्त कुंदाचे ओठ वाचता येत. त्यांवर नवीन काही येत नाही म्हणून वाचायला सोपे जातात, असं ते म्हणत. या वेळी त्यांचं उत्तरही जुनंच होतं.

"ऐकू येत नाही. मग काय पाहायला येऊ, बुवांचे दात?"

कुंदाला यात नकार ऐकू आला नाही. तिला ऐकू आलं ते एवढंच, की माणसाला बघायला काहीतरी पाहिजे आहे.

बुवांच्या मागे दरवर्षी मंडपवाल्याचा पडदा लागे. त्यावर बर्फाचे डोंगर होते आणि एक होडी. या वर्षी तिथे राम असेल, असं तिनं ठरवलं. कपडा रंगवायचं काम तिच्या हातचं होतं. आईकडून आलेलं, लग्नानंतर मागे पडलेलं. बड़ा फुहाऱ्याच्या बाजारातून तिनं जाड मांजरपाट आणला. गुळाच्या पाण्यात गंजके खिळे आधीच आंबत टाकले होते. मांजरपाट हिरड्याच्या पाण्यात बुडवला तेव्हा तो पिवळट झाला. वाळवून खिळ्यांच्या पाण्यात घातला तेव्हा काळा झाला, अमावस्येसारखा. घराला वास सुटला. दिवाकररावांचे फक्त कान गेले होते, नाक शाबूत होतं; ते ओसरीवर जाऊन बसले.

आता खरी गंमत. या काळ्यावर रंग चढवायचा नसतो, काढायचा असतो. लिंबाच्या रसात डिंक कालवून ब्रशनं लावला की लोखंडाचा काळा तेवढ्या जागेवरून उठतो आणि खालचा हिरड्याचा पिवळट रंग वर येतो. जिथे रस लागला तिथे उजेड. कुंदानं मन लावून राम काढला. किरीट, धनुष्य, खांद्यावरचं उपरणं. धुऊन दोरीवर टाकला तेव्हा शेजारची शैलजा आली आणि हात जोडून उभी राहिली.

"काकू, एकदम जीते-जागते वाटून राहिलेत रामजी," ती म्हणाली.

कुंदानं दिवाकररावांना अंगणात आणलं. त्यांची उभी नोकरी तयार माल तपासण्यात गेली होती. त्यांनी चष्मा लावला, पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, परत आले.

"हा कोण होय?"

"राम," कुंदा म्हणाली.

"गोरा काहून?"

कुंदानं पडद्याकडे पाहिलं. काळ्याभोर अंधारात हळद लागलेल्या नवरदेवासारखा पिवळाधमक राम उभा होता. जन्मभर तिनं सावळ्या रामाची कीर्तनं ऐकली होती, सावळ्या रामाचे पाळणे म्हटले होते, आणि ब्रश हातात आल्यावर सगळ्यांत आधी देवाचाच रंग काढून टाकला होता. शैलजानं जोडलेले हात खाली घेतले.

"रंग काढला की गोरंच निघते," कुंदा म्हणाली.

"मग रामाचा काहून काढला? रामाचं सोडून बाकीचं काढ."

एवढं बोलून ते आत गेले. शैलजाला वाटलं, काकू आता रडणार. कुंदा रडली नाही. गेल्या नवमीपासून दिवाकररावांनी देवाधर्माच्या गोष्टीवर इतकं लांब वाक्य उच्चारलं नव्हतं.

तिनं पडदा पुन्हा हिरड्यात बुडवला, पुन्हा खिळ्यांच्या पाण्यात. राम त्या काळ्यात मिसळून गेला. नवमी दोन दिवसांवर. आता रामाएवढी जागा तशीच ठेवून आख्ख्या पडद्याचा रंग काढायचा होता. म्हणजे ढीगभर लिंबं लागणार होती, आणि तीही चैत्रात, जेव्हा लिंबू महाग. शैलजा घरोघर फिरली. ज्या घरात जे लिंबू होतं ते आलं. बायका ओसरीवर बसून पिळत होत्या आणि गेल्या वर्षीच्या जन्माबद्दल मुद्दाम काही बोलत नव्हत्या. त्या उत्सवात लिंबाचं सरबत नव्हतं, नुसतं पन्हं होतं. आणि पुढे कितीतरी दिवस गल्लीत ज्याच्या त्याच्या ताटात पिळलेल्या सालींचं लोणचं होतं.

अष्टमीच्या संध्याकाळी पडदा धुऊन निघाला. सगळीकडे दुपारच्या उन्हासारखा पिवळा उजेड, आणि मधोमध, जिथे कुणी हात लावला नव्हता, तिथे सावळा राम. दिवाकररावांनी पुन्हा चष्मा लावला. या वेळी जास्त वेळ लावला. मग खाली वाकून पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातली बांधायची नाडी दोनदा ओढून पाहिली.

"ही बांधू नको," ते म्हणाले. "हातात धरून बस. बुवा म्हणाले की ओढ. मी रामाकडे पाहीन."

कुंदानं मान हलवली. बोलली असती तर त्यांना वाचावं लागलं असतं, आणि त्या वेळी तिचे ओठ वाचण्यासारखे नव्हते. दिवाकररावांनी स्टूल घेतलं आणि कपाटावरची झांज काढली.

नवमीला देऊळ भरलं. पुढच्या रांगेत दिवाकररावांना बघून लोकांनी आपापला गुलाल मुठीत घट्ट धरला. या वर्षी झांजेवर नाही, बुवांवरच भरवसा ठेवायचा, असं बऱ्याच जणांनी ठरवलेलं दिसत होतं. कुंदा पडद्याच्या आडोशाला नाडी धरून बसली. पूर्वरंग झाला, बुक्का लागला, आख्यान सुरू झालं. बुवांना पडदा इतका आवडला की ते अधूनमधून मागे वळून रामाला बघत आणि पुढचं वाक्य विसरत.

यज्ञ पेटला तेवढ्यात कुणीतरी उकाडा होतो म्हणून कोपऱ्यातला मोठा पंखा लावला. वारा पडद्यात शिरला आणि राम खालपासून वरपर्यंत डुलायला लागला.

कुंदानं फटीतून पाहिलं. दिवाकररावांचे डोळे रामावर होते, झांज दोन्ही हातांत उचललेली. सगळं देऊळ बुवांना सोडून त्यांच्याकडे बघत होतं. राम डुलत राहिला. दिवाकरराव तसेच बसून राहिले.

यज्ञातून पायस आलं. वाटलं गेलं. बुवा कौसल्येच्या महालात शिरले, थांबले आणि म्हणाले, "जन्मला." कुंदानं नाडी ओढली.

झांज खणकन वाजली. बुवांच्या शब्दावर, अगदी बरोबर. मुठी उघडल्या, गुलालानं पिवळा उजेड लाल झाला, आणि बायका पाळण्याकडे धावल्या. अच्युतबुवा उतरून आले, दिवाकररावांच्या कपाळाला त्यांनी बुक्का लावला आणि बराच वेळ काहीतरी बोलले. ते काय बोलले ते दिवाकररावांना कळलं नाही. त्यांनी नमस्कार केला.

घरी जाताना कुंदानं विचारलं, पंख्यानं राम एवढा हलला, तेव्हा वाजवली काहून नाही?

"पंखा सगळा पडदा हलवते," दिवाकरराव म्हणाले. "तू ओढते तेव्हा फक्त डावा कोपरा खाली जाते. काल दोनदा पाहून ठेवलं होतं."

थोडं चालून गेल्यावर त्यांनी झांज या हातातून त्या हातात घेतली.

"धनुष्याच्या टोकाशी लिंबू जास्त लागलं आहे. पुढच्या वर्षी पाहून लाव."

कुंदा हो म्हणाली. ते त्यांनी वाचलं.