टेबलाशी बसलेले मेलेले काका

पप्पा गेले तेव्हा बफेलोत इतकी थंडी होती की कबर खणायला यंत्र आणावं लागलं. अंत्यविधीला आई पहिल्या बाकावर ओठ दाबून बसली होती. तिचे खांदे थरथरत होते आणि बायका तिला जवळ घेऊन रडत होत्या. पण घरी आल्यापासून तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं नाही. जेवण सुटलं, बोलणं आटलं. तापातही कधी न चुकवलेलं चर्च तिने सोडलं. मी विचारलं की म्हणायची, "बघू पुढे, टेरेसा."

मार्चमधल्या एका रविवारी मी तिला बळेच बाहेर काढलं. आमच्या भागातल्या जुन्या थिएटरात रविवारी दुपारी चाळीसच्या दशकातले कृष्णधवल विनोदी चित्रपट लावायचे. पोस्टरवर पळणारी नवरी होती. लग्नाचा गोंधळ असेल, म्हणून मी तिकिटं काढली.

चित्रपट सुरू होऊन फार वेळ झाला नाही तोच नवरीचे काका खुर्चीतच मेले. पाहुणे दाराशी आलेले. लग्न मोडू नये म्हणून नवरी आणि तिच्या मावशीने काकांना हॅट चढवली आणि जेवणाच्या टेबलाशी बसवलं.

मी कोट घेऊन उभी राहिले. "आई, ऊठ. जाऊ या आपण."

"बस खाली," ती म्हणाली. "मागच्यांना दिसत नाही."

पडद्यावर एक बडबडे न्यायाधीश काकांशेजारी येऊन बसले आणि आपल्या तीन बायकांची गाऱ्हाणी सांगू लागले. मध्ये न बोलता ऐकून घेणारा माणूस त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटला होता. थिएटर हसून लोटपोट झालं. शेजारी आईचे खांदे थरथरायला लागले, अगदी त्या दिवशीसारखे. मी घाबरून तिचा हात धरला. ती हसत होती. तोंडावरचा मफलर गळून पडला तरी तिला भान नव्हतं.

नंतर कोपऱ्यावरच्या हॉटेलात आम्ही कॉफी आणि चेरीची पेस्ट्री मागवली. आई बराच वेळ काटा फिरवत बसली.

"त्या दिवशी मी रडत नव्हते," ती म्हणाली.

"कोणत्या दिवशी?"

"पप्पांच्या. फादर काय बोलले आठवतं ना?"

कसं विसरणार? चर्चमध्ये नवे आलेले तरुण फादर डॉमिनिक. त्या सकाळी त्यांच्याकडे दोन अंत्यविधी होते आणि दोन्ही माणसांची त्यांनी अदलाबदल केली. त्यांच्या भाषणात आमचे पप्पा, लेनर्ड, मासेमारीचे शौकीन आणि दारूला न शिवलेले निघाले. खरं तर माशाच्या वासानेही ते घर सोडायचे, आणि दारूबद्दल न बोललेलंच बरं.

"मला वाटलं, आता हे शवपेटीचं झाकण उघडून उठतात आणि फादरना सुनावतात," आई म्हणाली. "मग मला हसूच आवरेना. नवऱ्याचं प्रेत समोर, आणि मी हसतेय. कुठली बाई असं करते? आणि पापाची कबुली द्यायची ती कोणाला? त्याच फादरना?"

"स्टॅनकाका मध्येच खोकत बाहेर गेले होते ना?"

"त्यांना दमा आहे."

"दमा कसला. गाडीच्या टपावर डोकं टेकून हसत होते. मी पाहिलं."

आईने काटा खाली ठेवला. "स्टॅन? सख्ख्या भावाच्या मयताला?" मग ती पुन्हा हसायला लागली. "मेल्याने मला सांगायचं तरी. मी एकटीच पापी समजून बसले."

थोड्या वेळाने म्हणाली, "थिएटरात सगळेच हसत होते गं. पुढच्या रांगेतली ती बाईसुद्धा. काळ्या कपड्यांत होती, पाहिलंस?"

दुसऱ्या दिवशी ती चर्चमध्ये कबुलीला गेली. मी बाकावर थांबले. बऱ्याच वेळाने ती आणि फादर दोघं बाहेर आली. फादरचे कान लालबुंद झाले होते. चूक त्यांना अंत्यविधीच्या संध्याकाळीच कळली होती, पण माफी मागायला यायचा धीर होईना. आई चर्चला येत नाही म्हटल्यावर ती आपल्यामुळेच रुसली, असं ते धरून चालले होते.

"तुम्ही दिसलात की मी रस्ता बदलायचो," ते म्हणाले.

"शुक्रवारी जेवायला या, फादर," आई म्हणाली. "मासा तळते. तुमच्या लेनर्डच्या आवडीचा."

फादरना आधी कळलं नाही. कळलं तेव्हा ते भिंतीला टेकून हसले.

त्या रात्री आईने कोबी-बटाट्याचं सूप दोनदा घेतलं. भांडी घासताना मात्र तिचे हात थांबले आणि ती पप्पांसाठी रडायला लागली, मोकळी, आवाज करून. मी फडकं घेतलं. शेजारी उभी राहून ताटल्या पुसत राहिले. कितीतरी दिवसांनी मला हलकं वाटत होतं.