कुमूला कळवलंय का?

"हलू नको गं भवाने, भांग वाकडा गेला तर नवरा तिरळा मिळेल!"

हा आवाज स्नेहलच्या कानात तीस वर्षं मुक्कामाला होता. अक्कामावशीचा. मे महिन्याच्या सुटीत कराडला मावशीच्या मागच्या पायरीवर बसायचं, टाळूवर खोबरेल तेलाची वाटी उपडी व्हायची, आणि फणीच्या एकेका ओढीबरोबर मावशीच्या तोंडून ओवी निघायची. ओव्या तिच्या तिनेच रचलेल्या. कुठं शिकलीस म्हटलं तर म्हणे, "शिकायला ती काय शाळा आहे? ओठाशी आली, सोडली." त्यातली एक मात्र ती पुन्हा पुन्हा म्हणायची, आणि म्हणताना आत स्वयंपाकघरात बसलेल्या स्नेहलच्या आईकडे बघून डोळे मिचकावायची.

पाठची गं बहीण, माझ्या परकराची घडी
दूरदेशी गेली, मधी समिंदराची खाडी

"अगं अक्का, मी पुण्याला असते! समिंदर कुठून आणलास?" आई आतून ओरडायची.

"येईल, येईल. ओवीला कसली घाई?"

आता समुद्र मधे आला होता आणि अक्कामावशी राहिली नव्हती. आज तिचा दहावा. तिकडे कराडला कृष्णेच्या घाटावर पिंड मांडलेले, आणि इकडे तिची पाठची बहीण ॲमस्टरडॅमच्या फूलबाजारात ट्यूलिपचे कांदे हातात घेऊन वजन अजमावत होती. तिला यातलं काहीही माहीत नव्हतं.

"हे तर कांदेच की गं! अक्काला बजावून सांगायला हवं, फोडणीत घालू नको बाई, कुंडीत लाव."

"कराडच्या उन्हात उगवणार आहेत का ते?" बाबा म्हणाले.

"अक्काच्या हाताला उगवतील. ती वाळकी काठी रोवेल आणि काठीला पालवी फुटेल. तुमच्यासारखं नाही, तुळससुद्धा जळते तुमच्या हातून."

बाबा हसले. गेले दहा दिवस ते असेच हसत होते. हसू ओठांवर आणायचं आणि नजर खिशातल्या रुमालाकडे वळवायची.

आई-बाबा आइंडहोवनला स्नेहलकडे येऊन तीन दिवस होतात न होतात, तोच रुचिरदादाचा, म्हणजे मावशीच्या मुलाचा फोन आला होता. बाबांनी तो बाल्कनीत घेतला. आत आले आणि नळापाशी भांडी विसळणाऱ्या स्नेहलला हलक्या आवाजात म्हणाले, "अक्का गेल्या. झोपेतच. तुझ्या आईला कळता कामा नये. सहा महिन्यांपूर्वी हिच्या हृदयात जाळी बसवलीय, इथं परमुलखात काही झालं तर काय करायचं? पुण्याला पोचलो की मी सांगेन. तोवर चकार शब्द काढायचा नाही." नळ चालूच होता. स्नेहल हो म्हणाली. इतक्या दुरून शेवटचं तोंड तरी कुठं दिसणार होतं, अशी मनाची समजूतही तिनं घातली. आईचा फोन वाजला की आधी तीच झडप घालू लागली. कराडच्या सगळ्यांना रुचिरदादानं दटावून ठेवलं होतं.

ॲमस्टरडॅमचे दोन दिवस आधीच ठरलेले होते. रद्द केलं असतं तर आईनं कारण विचारलं असतं, आणि स्नेहलला खोटं बोलताना कान लाल व्हायची लहानपणापासून खोड. निहारला, तिच्या नवऱ्याला, कारखान्यात पाळी बदलून मिळाली नाही. तिघंच आगगाडीनं आले. काल राजवाडा बघितला, मोठमोठ्या चित्रांचं संग्रहालय बघितलं. आईला चित्रांतल्या बायकांच्या गळ्याभोवतीच्या पांढऱ्या चुणीदार झालरी फार आवडल्या. "इस्त्री कोण करत असेल गं यांना?" असं ती प्रत्येक चित्रापाशी विचारत होती.

आणि जिथं जाईल तिथून ती अक्काला आवाज धाडत होती. मोबाइल तोंडापाशी पानाच्या तबकासारखा आडवा धरायचा आणि बोलायचं. आताही तिनं पुलाच्या कठड्याला टेकून तो तसाच धरला.

"अक्का, ऐक. इथं घरं एकमेकांच्या अंगावर रेललीयत, लग्नघरात दमून बसलेल्या बायकांसारखी. आणि प्रत्येक घराच्या कपाळाला एक लोखंडी आकडा. जिने अरुंद ना, म्हणून कपाट-पलंग त्या आकड्याला दोर लावून खिडकीतून वर ओढतात. तुझा तो शिसवी पलंग आठवला बघ. तुझ्यासाठी फुलांचे कांदे घेतलेत. आता तरी बोल. रुसायलाही काही वेळकाळ?"

मग तिनं मोबाइल स्नेहलपुढे धरला. "बघ, कालच्याला निळ्या खुणा आल्यात. म्हणजे ऐकते. ऐकते आणि मुद्दाम बोलत नाही. निघताना म्हणाली होती, आधी मला भेटून जा. मी म्हटलं, आल्यावर चार दिवस राहायलाच येते गं. तर म्हणे, आल्यावर तू सायबीण होशील, आमच्या पाटावर कशाला बसशील! आणि फोनच ठेवला. चौऱ्याहत्तर वर्षांची झाली, पण नाक अजून तिथंच."

निळ्या खुणा का येतात हे स्नेहलला माहीत होतं. रुचिरदादा मावशीचा मोबाइल बंद करायला धजत नव्हता. तो ऐकत होता.

तिच्या स्वतःच्या मोबाइलवर सकाळी न्याहारीच्या वेळी त्याचा निरोप आला होता : पिंड ठेवलेत. वाट बघतोय. मग तासाभरानं : अजून नाही. त्यानंतर काहीच नव्हतं. तिकडे भर दुपार झाली असेल. नदीच्या दगडी पायऱ्या तापल्या असतील.

बोटीला अजून वेळ होता. आईनं एका टपरीवरून गरम स्ट्रूपवाफल घेतलं, ते इथलं काकवीचा पाक भरलेलं चपटं बिस्किट. एक तुकडा मोडून तिनं स्नेहलच्या तोंडात भरवला. दहा दिवस स्नेहलनं गोड खाल्लं नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, घशाखाली उतरत नव्हतं एवढंच. तुकडा जिभेवर तसाच राहिला.

"गिळ की! लहानपणी अक्का भरवायची तेव्हा बोटं चावायचीस."

राखाडी मानेचा एक लहानसा कावळा कठड्यावर येऊन बसला. इकडचे कावळे असेच, चणीनं बारके आणि डोळ्यांनी पांढुरके. आईनं उरलेल्या बिस्किटाचा कोपरा मोडला आणि कठड्यावर ठेवला. "ये रे बाबा. परदेशातला झालास तरी कावळाच ना तू?" कावळ्यानं मान तिरकी केली, एक उडी पुढे आला, आणि घास उचलून सरळ पाण्यावरून पलीकडे गेला. आई लहान मुलीसारखी टाळी वाजवून हसली.

बाबांनी पाठ फिरवली. स्नेहलनं तोंडातला तुकडा कागदी रुमालात काढला आणि रुमालाची मूठ वळली.

बोट लांबोडकी, वरून काचेची. खिडकीपाशी आई, शेजारी स्नेहल, समोरच्या बाकावर बाबा. आईच्या मांडीवर कांद्यांची कागदी पिशवी. प्रत्येकाला कानाला लावायला यंत्र दिलं होतं; भाषा निवडायची, की ते शहराची हकिगत सांगणार. मराठी नव्हतं, हिंदी होतं. आईनं दोन्ही कान झाकून घेतले आणि तिचा चेहरा उजळला.

"अगं, हिंदीत बोलतोय! आपल्या जुन्या बातम्यांसारखा!" ती इतक्या मोठ्यानं म्हणाली की मागच्या बाकावरचं जोडपं हसलं.

बोट सुटली. काळपट हिरवं पाणी दोन्ही अंगांनी सरकू लागलं. कालव्याच्या कडेला एका पाणकोंबडीनं घरटं केलं होतं, प्लास्टिकच्या नळ्या, चॉकलेटचे कागद, कुणाचा तरी निळा मोजा. त्यावर ती गंभीरपणे बसली होती.

स्नेहलचा मोबाइल थरथरला. रुचिरदादा.

तिनं आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत मान डोलावत होती. स्नेहलनं फोन कानाला लावला.

"शिवत नाहीये गं." रुचिरदादाचा आवाज उन्हानं आणि रडण्यानं खरखरीत झाला होता. "सकाळपासून बसलोय. पिंपळावर कावळे आहेत, ओळीनं बसलेत, पण खाली उतरत नाहीत. सगळं बोलून झालं. म्हटलं, तुझी झाडं मी बघेन. म्हटलं, मुलीचं शिक्षण पुरं करेन. बापाचं वर्षश्राद्ध चुकवणार नाही म्हटलं. काही नाही."

"दादा…"

"थांब, ऐक. मग मी कुमूमावशीचा आवाज लावला. पिंडापाशी मोबाइल ठेवला आणि लावला. 'आता तरी बोल, रुसायलाही काही वेळकाळ?' घाटावरच्या बायका पदर तोंडात कोंबून रडल्या. एक कावळा खालच्या फांदीवर आला, आणि तिथंच बसून राहिला. तेव्हा शेजारच्या म्हातारीनं विचारलं, 'तिच्या कुमूला कळवलंय का रं?' मी काय सांगू तिला? जायच्या आदल्या संध्याकाळी आई मला म्हणाली होती, कुमू पोचली का बघ, फोन लावून दे. मी म्हटलं, आता नको, सकाळी लावू."

नदीवरचा वारा फोनमध्ये घोंगावला. बोट एका कमानीखालून गेली, क्षणभर सगळ्यांच्या तोंडावर अंधार आला.

बाबा पुढे वाकले. "काय म्हणतोय?"

स्नेहलनं सांगितलं. आईच्या खांद्याला खांदा लागलेला असताना सांगितलं. आईच्या कानात हिंदी चाललं होतं.

"दर्भाचा कावळा करा म्हणावं," बाबा म्हणाले. "शास्त्रात सोय आहे. गवताचा कावळा करायचा, पिंडाला लावायचा, मोकळं व्हायचं."

"गुरुजी तेच म्हणतायत," पलीकडून रुचिरदादा म्हणाला. त्याला ऐकू गेलं होतं. "मला नाही करायचं. मला माझ्या आईला गवतानं फसवायचं नाही."

"बाबा, मी आईला सांगते."

"इथं? पाण्यात?" बाबांचा आवाज फाटला, मग त्यांनी तो पुन्हा दाबला. "अगं, तिला काही झालं तर? तूच म्हणाली होतीस ना, इथं साधा घरचा डॉक्टर भेटायला आठवडा लागतो? दहा दिवस काढले, अजून थोडे. मी सांगेन म्हटलंय ना, मी सांगेन!"

"कधी? विमानतळावर? तिनं कांदे घेऊन कराडची गाडी पकडल्यावर?"

"हळू बोल."

"तिला ऐकू येत नाहीये, बाबा. दहा दिवस आपण तेच केलंय ना? तिच्यासमोर आपणच गवताचा कावळा धरून बसलोय. ती हाका मारतेय, तिकडून निळ्या खुणा येतायत, आणि तिला वाटतंय बहीण रुसली. उद्या तिला कळेल तेव्हा ती अक्कासाठी रडेल, आणि मग आठवेल की त्या दिवशी आपण तिला बोटीत बसवलं होतं."

बाबांच्या तोंडावरचं दहा दिवसांचं हसू आता कुठं ठेवावं हे त्यांना कळत नव्हतं. बराच वेळ ते आईकडे बघत राहिले. तिच्या कानावरची यंत्राची पट्टी केसांत अडकून भांग विस्कटला होता.

"तिच्या गोळ्या माझ्या खिशात आहेत," शेवटी ते म्हणाले. "जिभेखाली ठेवावी लागते." आणि ते उठून, डुलत्या बोटीत बाकांना धरत धरत, बायकोच्या पायांशी उकिडवे बसले.

"काय हो? उलटी होतेय का?" आई मोठ्यानं म्हणाली. "सांगत होते, बोट सोसत नाही तुम्हाला."

रुचिरदादाला फोन पिंडापाशी धरायला सांगून स्नेहलनं मोबाइलचा आवाज मोठा केला आणि तो मांडीवर उताणा ठेवला. पलीकडे घाटावर कुणीतरी खोकलं, पाणी खळबळलं. तिनं हात उचलून आईच्या एका कानावरचं यंत्र हळूच बाजूला केलं. हाताखाली केस लागले. तेलकट, विरळ, मधोमध भांग पाडलेले. अक्कामावशीचेही असेच होते.

"थांब की गं, किती छान सांगतोय! हे अख्खं गाव म्हणे लाकडाच्या खांबांवर उभं आहे. खाली नुसता चिखल. खांब पाण्यात आहेत तोवर टिकतात, आणि उघडे पडले की कुजतात. अक्काला सांगायला—"

"आई."

आईनं लेकीचा चेहरा पाहिला. मग पायांशी बसलेल्या नवऱ्याचा. ओठांवरचं हसू जागच्या जागी राहिलं, डोळ्यांतलं आधी उतरलं. बाबांनी तिचा हात धरला. चारचौघांत त्यांनी तो कधी धरला नव्हता. पिशवी कलंडली आणि कांदे एकामागून एक बाकाखाली घरंगळत गेले. उचलायला कुणी वाकलं नाही.

"आई, अक्कामावशी रुसलेली नाही गं," स्नेहल म्हणाली. "ती गेली. तुम्ही इथं आलात त्याच्या तिसऱ्या दिवशी, झोपेत गेली. आम्हाला माहीत होतं, आणि आम्ही तुला सांगितलं नाही. आज तिचा दहावा आहे. तिकडे कावळा शिवत नाहीये, तुझ्यासाठी थांबलीय ती. रुचिरदादानं फोन पिंडापाशी धरलाय. तू बोल तिच्याशी."