मुकुंदाची टाळू

सोमवारी सकाळी पावणेदहाला मी माझ्या धाकट्या भावाच्या डोक्यात शिरले. चपला बाहेर काढून ठेवल्या. मानेच्या मागे, कवटीच्या तळाशी एकच मोठं दार असतं. मोठं म्हणजे दहाच्या नाण्याहून जरासं मोठं. नर्स म्हणाली, "वाकून जा." तीस वर्षं मी लोकांच्या न्हाणीघरांत तान्ही बाळं न्हाऊ घालतेय. वाकायचं मला कुणी शिकवायला नको.

डॉक्टरांनी सगळं आधीच सांगितलं होतं.

"कवटी उघडणारे सर्जन कोल्हापूरहून निघालेत. साडेदहापर्यंत येतील. तोवर आत कुणीतरी बसायला हवं. रक्ताचं माणूस असलेलं बरं."

"बसून करायचं काय?"

"आतलं सामान तळाच्या दाराकडे सरकू द्यायचं नाही. त्या दारात श्वासाची दोरी आहे. ती दाबली गेली की संपलं."

"आणि भिंतच जरा मागे सारली तर?"

"भिंत सरकत नाही, बाई. तिचं कामच ते आहे."

माझी भावजय रोहिणी डोळ्याला पदर लावून म्हणाली, "वन्सं, मीच गेले असते हो, पण मला बंद खोलीत घाबरं होतं."

"तू दाराशी बस आणि मला वेळ सांगत राहा," मी म्हटलं.

मुकुंदा स्कूटरवरून पडला आठ वाजता, माझ्याच गल्लीच्या तोंडाशी. हेल्मेट होतं. कोपरात अडकवलेलं. कोपर सुखरूप आहे. पडल्यावर उठला, पॅंट झटकली, माझ्याकडे येऊन चहा मागितला, म्हणाला, "काही झालं नाही, आक्का." आणि पाऊण तासानं हातातल्या बशीला काय म्हणतात ते त्याला आठवेना.

आत एकच खोली होती, खिडकी नसलेली. भिंती करवंटीसारख्या, पण पांढऱ्या. भिंतीला आतून जाड कातड्याचं अस्तर. त्याच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखा एक पडदा, आणि त्याच्याही आत तिसरा, कांद्याच्या पापुद्र्याएवढा. दोन पडद्यांच्या मध्ये पाणी. फार नाही, एक फुलपात्रभर. तेवढ्या पाण्यावर आतलं अख्खं सामान तरंगत होतं. सगळ्या खोलीभर गोधड्या होत्या, घडीवर घडी घालून ठासलेल्या. दीड किलोचं ते ओझं पाण्यात पन्नास ग्रॅमही भरत नव्हतं. बाळाला पाण्यात धरलं की असंच हलकं होतं. ज्यानं कुणी ही खोली बांधली त्याला न्हाऊ घालणं ठाऊक होतं.

गोधड्यांवर मुकुंदा गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. त्रेचाळीस वर्षांचा, सकाळचाच शर्ट अंगात.

"आलीस?" तो म्हणाला. "बस. जागा नाही, पण बस."

"हेल्मेट कोपरात घालतात का रे?"

"डोक्याला उकडतं."

"आणि कोपराला थंडी वाजते."

तो हसला. तेवढ्यात त्याची डावी बाजू वर उचलली गेली. मी तिकडे रांगत गेले. कानशिलापाशी भिंत पापडाएवढीच जाड असते आणि तिथंच तडा गेला होता. तड्यामागची एक शीर ठिबकत होती. रक्त आत येत नव्हतं. ते भिंत आणि अस्तराच्या मधे साठत होतं, आणि अस्तर आत फुगत होतं, झाकून ठेवलेल्या पिठासारखं. मी दोन्ही तळहात लावून ते दाबलं. ते माझ्या हातांच्या बाजूंनी फुगलं.

"वन्सं, दहाला पाच कमी," दारातून रोहिणीचा आवाज आला.

मी पाठ लावली. पाय समोरच्या भिंतीला टेकवले. मघाशी पाय लांब करूनही पोचले नव्हते, आता गुडघे वाकवावे लागले. तळाशी काहीतरी घसरलं. बघते तर सर्वांत खालची गोधडी दाराकडे निघाली होती. आईच्या जांभळ्या लुगड्याची. ती मी ओढून वर घेतली.

"ही कुणाच्या लुगड्याची रे?"

मुकुंदानं तिच्या काठावरून बोट फिरवलं. "ती... चुलीशी बसायची ती."

"आणि मी कोण?"

"तू होय," तो ओशाळून म्हणाला. "तुला मी ओळखतो. तुझ्या हाताला तेलाचा वास येतो."

मग मी ठरवलं की सर्जनची वाट बघायची नाही.

"रोहिणी, कुठवर आलेत ते?"

"फाटकात अडकलेत! मालगाडी आहे म्हणे!"

"मालगाडीला म्हणावं जा सावकाश," मी म्हटलं आणि गोधड्यांवर पाय देऊन वर चढले.

भिंत सरकत नाही हे मला मान्य होतं. पण प्रत्येक भिंतीला एक जागा असते, जिथं ती कधीकाळी भिंत नव्हती. या गावातली निम्मी डोकी माझ्या हाताखालून गेलीत. एकही चपटं राहिलं नाही, एकाचीही टाळू उघडी राहिली नाही. लोक म्हणतात, आक्कानं भरलेली टाळू म्हणजे सिमेंट. मला ते ऐकायला आवडायचं.

छताला शिवणी होत्या, वाकड्यातिकड्या, नवशिक्या मुलीनं घातलेल्या टाक्यांसारख्या. त्या जिथं एकत्र आल्या तिथं मी नाक नेलं. खोबरेल तेलाचा वास आला. त्रेचाळीस वर्षांचा, खवट.

तेल माझंच होतं. मुकुंदा झाला तेव्हा मी नऊ वर्षांची. आई तापानं फणफणलेली, न्हाऊ घालणारी बाई मिळाली नव्हती. शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, कोमट तेलाचा बोळा टाळूवर ठेव, तेल जिरेपर्यंत हात काढू नकोस. मी ठेवला. बोटाखाली टाळू उडत होती. मला वाटलं, बाळ इथूनच उडून जाईल. म्हणून तेल जिरलं तरी हात काढला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती जागा टणक झाली तेव्हाच काढला, आणि सगळ्या गल्लीला सांगून आले.

अंबाड्यातला आकडा काढला आणि खरवडायला लागले. तेल लाखेसारखं कडक झालं होतं. भुगा माझ्या डोळ्यांत पडत होता. फुगलेलं अस्तर आता माझ्या पाठीला टेकलं होतं. समोरची भिंत नाकाशी आली. मी एका हातानं खरवडत होते, आणि जांभळी गोधडी एका पायानं धरून ठेवली होती.

"मुकुंदा, बोल काहीतरी."

"काय?"

"काहीही. शिव्या दे."

"शब्द खाली गेले," तो शांतपणे म्हणाला. "मीही जातोय."

"जाशील कसा? मी जाऊ दिलेलं नाही अजून."

"वन्सं, साडेदहा!" रोहिणी ओरडली. "वन्सं, ह्यांचे पाय दारात दिसायला लागलेत!"

आकडा मोडला. मी नखांनी खरवडलं. आणि वरून अचानक उजेड आला, तांबूस, हातातून दिवा दिसावा तसा. त्या जागी हाड उरलं नव्हतं, नुसती कातडी. ती मऊ होती. मी अंगठा लावला. ती उडायला लागली.

माझ्या पाठीवरचं अस्तर थोडं मागे हटलं. खाली मुकुंदानं लांब श्वास घेतल्याचं ऐकू आलं.

मग वरून कोमट तेलाचा एक थेंब झिरपून माझ्या कपाळावर पडला. पाठोपाठ एक बोट आलं. बारीक, नखात चुलीची राख. ते नेमकं माझ्या अंगठ्यावर टेकलं आणि दाबायला लागलं.

"उगी, उगी," वरून नऊएक वर्षांच्या पोरीचा आवाज म्हणाला. "आता बंद होईल हं."

"हात काढ, बाई," मी म्हटलं. "एवढ्यात नको."

"कोण आहे आत?"

"आक्का."

"आक्का मी आहे," ती म्हणाली, आणि दुसरा हातही लावला.

मी पाय गोधडीवर रोवले, दुसरा अंगठा पहिल्याशेजारी लावला आणि वर रेटलं. तिच्या बोटांत माझ्याएवढाच जोर होता. दुधाच्या सायीएवढी पातळ ती जागा आमच्या दोघींच्या बोटांमधे उडत होती.